संगणकाच्या सबवूफरचा बास शेजाऱ्यांपर्यंत पोचू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सबवूफर, म्हणजे फक्त खालचे, जाड स्वर वाजवणारं वेगळं खोकं, असलेले स्पीकर संगणकाला जोडले की पहिले काही दिवस मजेत जातात आणि मग एखाद्या रात्री दारावर टकटक होते. आपण आवाज कमी करतो, तरी आठवड्याभरात पुन्हा टकटक. बहुतेक वेळा शेजाऱ्यांना गाण्याचा त्रास नसतो, त्याखालच्या धपधपीचा, म्हणजे बासचा असतो, आणि आवाजाचं बटण फिरवून ती धपधप पुरेशी कमी होत नाही. सबवूफर विकून न टाकता आणि संगीत बेचव न करता काय करता येतं ते खाली लिहिलं आहे.

मी आवाज फार मोठा ठेवतच नाही. तरी पलीकडे त्रास कसा होतो?

कारण भिंत सगळे स्वर सारखे अडवत नाही. ढोबळ नियम असा की स्वराची वारंवारता (सेकंदाला किती कंप, ती हर्ट्झमध्ये मोजतात) निम्मी झाली की त्याच भिंतीची अडवण्याची ताकद साधारण ६ डेसिबलने घटते. १,६०० हर्ट्झपासून ५० हर्ट्झपर्यंत खाली यायचं तर वारंवारता पाच वेळा निम्मी होते, म्हणजे हिशोबाने ३० डेसिबलचा फरक. खऱ्या भिंतीत हे आकडे पुढेमागे होतात, पण कल तोच राहतो. गायकाचा आवाज, झांज, गिटारची तार हे सगळं भिंतीत जिरून जातं आणि ढोलाचा ठोका पार होतो.

लाटेची लांबी पाहिली तर हे आणखी पटतं. १,००० हर्ट्झच्या स्वराची लाट जेमतेम ३४ सेंटिमीटर असते; ४० हर्ट्झची साडेआठ मीटर. एवढ्या लांब लाटेसमोर पडदे, पुस्तकांचं कपाट, बंद दार यांचं फारसं काही चालत नाही. ती भिंतीला आणि जमिनीलाच हलवते, आणि पलीकडच्या खोलीत तीच भिंत स्पीकरसारखी वाजते.

शिवाय तुमच्याकडे गाणं पोचतं, त्यांच्याकडे त्याचा फक्त सांगाडा. सूर नाही, शब्द नाहीत, नुसते ठोके. पुढचा ठोका कधी पडणार आणि हे थांबणार कधी, याचा त्यांना अंदाज नसतो. झोपायचा प्रयत्न करणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठा पण सगळ्या सुरांनिशी येणारा आवाज परवडला असता, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या खुर्चीत तर बास कमीच वाटतो. मग शेजाऱ्यांकडे एवढा कसा जातो?

दोन कारणं आहेत, आणि दोन्ही तुमची दिशाभूल करतात.

पहिलं कानाचं. बेल प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की हळू आवाजात आपला कान खालच्या स्वरांना बराच मंद होतो. म्हणून रात्री आवाज कमी केला की बास आधी गायब झाल्यासारखा वाटतो आणि हात आपसूक बासच्या नॉबकडे जातो. नेमक्या ज्या वेळी बास खाली हवा, त्याच वेळी आपण तो वर चढवतो.

दुसरं कारण खोलीचं. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ४ मीटर अंतर असेल तर साधारण ४३ हर्ट्झचा स्वर त्यांच्यात अडकून घुमतो. भिंतींपाशी तो सगळ्यात जोरात असतो आणि बरोबर मध्यावर जवळपास नाहीसा होतो. तुमची खुर्ची त्या मध्यावर असेल तर तुम्हाला बास मिळतच नाही, तुम्ही नॉब वाढवत राहता, आणि तो सगळा जोर भिंतींवर आदळतो, ज्यांच्या पलीकडे कुणाचा तरी पलंग आहे. खात्री करायची असेल तर बास भरपूर असलेलं गाणं लावा आणि उठून भिंतीपाशी, मग कोपऱ्यात जाऊन उभे राहा. फरक ऐकून बरेच जण दचकतात.

सगळ्यात आधी काय करू?

बासचा नॉब शोधा. सबवूफरच्या पाठीमागे, बाजूला किंवा वायरच्या टोकाला असलेल्या छोट्या रिमोटवर तो असतो. नेहमीचं, ओळखीचं गाणं लावा, नॉब पूर्ण खाली न्या आणि मग हळूहळू वर आणत, बास जेमतेम जाणवायला लागेल तिथे थांबा. दोन दिवस तसंच राहू द्या. पहिल्या तासात गाणं पोकळ वाटेल, नंतर कान सरावतो.

त्यानंतर बास दुसरीकडे कुठे वाढवलेला नाही ना, ते पाहा. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 'बास बूस्ट' चालू असू शकतो, साउंड कार्डच्या किंवा लॅपटॉप कंपनीच्या ॲपमध्ये 'म्युझिक' किंवा 'मूव्ही' असा मोड असू शकतो, आणि गाण्यांच्या ॲपचा स्वतःचा इक्वलायझर (वेगवेगळे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) वेगळाच. एकावर एक तीन थर चढलेले मी पाहिले आहेत. सगळे बंद करून मग नॉब लावा.

माझ्या सेटला बासचा नॉबच नाही. विंडोजमधून सबवूफर बंद करता येईल ना?

बहुधा नाही. दोन छोटे स्पीकर आणि एक सबवूफर असा सेट संगणकाला एकाच हिरव्या पिनने जोडलेला असेल, तर संगणकाच्या लेखी ते फक्त दोन स्पीकर आहेत. खालचे स्वर वेगळे काढून सबवूफरला देण्याचं काम सेटच्या आतला क्रॉसओव्हर करतो, आणि संगणकाला त्याचा पत्ताच नसतो. विंडोजमधला सबवूफरचा पर्याय उपयोगी पडतो तो सबवूफरसाठी वेगळी पिन जाणाऱ्या ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) सारख्या जोडणीत.

अशा वेळी रस्ता एकच: संगणकातून बाहेर पडणाऱ्या आवाजातूनच खालचे स्वर कमी करायचे. खरं तर नॉब असला तरी हा रस्ता जास्त चांगला आहे. नॉब सबवूफरचे सगळेच स्वर सरसकट खाली आणतो, इक्वलायझरने मात्र नेमका त्रासदायक भाग निवडता येतो.

नेमका किती हर्ट्झखालचा बास कापायचा?

एकच आकडा हवा असेल तर ८०. त्यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे तुमच्या खोलीप्रमाणे तो पुढेमागे करता येईल.

माणूस २० हर्ट्झपासून पुढचं ऐकतो. २० ते ८० हा पट्टा भिंती आणि जमिनी हलवतो, दारं-खिडक्यांच्या काचा थरथरवतो, छातीत दणका देतो. पण गाणं समजायला त्यातलं फार थोडं लागतं. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ हर्ट्झच्या पुढेच सुरू होतो, बाईचा त्याहून वर. म्हणजे ८० च्या खाली कात्री चालवली तर बोलणं जसंच्या तसं राहतं.

बास गिटारचं काय? तिची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. तो मूळ स्वर काढला तर ती तार ऐकूच येणार नाही असं वाटेल, पण तसं होत नाही. त्या तारेतून ८२, १२३, १६४ असे वरचे स्वरही निघत असतात, आणि ते ऐकून आपला मेंदू खालचा नसलेला स्वर स्वतःच भरून काढतो. छोट्या रेडिओवर किंवा मोबाइलवरही आपल्याला बासची चाल कळते ती यामुळेच. दणका जातो, चाल राहते. शेजाऱ्याला झोपू देणारी आणि तुम्हाला गाणं ऐकू देणारी तडजोड याच पट्ट्यात आहे, आणि म्हणून सबवूफर पूर्ण बंद करण्यापेक्षा मी हीच सुचवतो.

पूर्ण बंद केल्याने आणखी एक तोटा होतो. संगणकाच्या सेटमधले बाजूचे स्पीकर इतके छोटे असतात की १२० किंवा अगदी २०० हर्ट्झपर्यंतचं काम सबवूफरच करत असतो. तो बंद केला की बोलणंसुद्धा डब्यातून आल्यासारखं पातळ होतं. ८० च्या खालचं कापलं तर तो त्याच्या उरलेल्या, गरजेच्या कामाला मोकळा राहतो.

कात्री किती धारदार हवी? हाय-पास फिल्टर म्हणजे ठरावीक आकड्याच्या वरचे स्वर जाऊ देणारी आणि खालचे कापणारी सोय. ८० हर्ट्झवर सप्तकाला (म्हणजे वारंवारता दर वेळी निम्मी होताना) १२ डेसिबल उताराचा असा फिल्टर लावला तर ४० हर्ट्झचा स्वर साधारण १२ डेसिबलने खाली येतो. तसे दोन फिल्टर एकापाठोपाठ लावले तर २४ ने. १० डेसिबल खाली म्हणजे ताकद एक दशांश, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. तेवढ्याने भागलं नाही तर फिल्टर १०० वर न्या, किंवा १५० हर्ट्झच्या खाली सगळीकडे आणखी ४ ते ६ डेसिबल उतरवा. इक्वलायझरमध्ये त्याला लो-शेल्फ म्हणतात.

हे कुठल्या सॉफ्टवेअरने करायचं?

विंडोजवर इक्वलायझर एपीओ. मोफत आहे आणि संगणकातल्या जवळपास सगळ्या प्रोग्रॅमच्या आवाजाला लागू होतं. त्यात हाय-पास आणि लो-शेल्फ दोन्ही आहेत. नुसत्या आकड्यांच्या खिडकीची भीती वाटत असेल तर त्यावर 'पीस' नावाचं सोपं आवरण बसवता येतं. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की एएसआयओ (संगीत ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये वापरली जाणारी थेट जोडणी) किंवा विंडोजच्या 'एक्सक्लुझिव्ह मोड'मध्ये आवाज थेट साउंड कार्डला देणाऱ्या प्रोग्रॅमवर हा फिल्टर चालत नाही.

लिनक्सवर ईझीइफेक्ट्स, मॅकवर ईक्यूमॅक. काहीच बसवायचं नसेल आणि फक्त चित्रपट पाहायचे असतील तर व्हीएलसीचा स्वतःचा इक्वलायझर पुरतो. ज्या ॲपमध्ये फक्त दहा पट्ट्या असतात तिथे ३१ आणि ६२ लिहिलेल्या पट्ट्या तळाला न्या, १२५ ची अर्ध्यावर उतरवा आणि बाकीच्यांना हात लावू नका.

सबवूफर ठेवायचा कुठे?

कोपऱ्यात नको, एवढं तरी पाळा. भिंतीजवळ ठेवला की तिच्यावरून परतणारा बास मूळ बासमध्ये मिसळतो. एका भिंतीने तो ६ डेसिबलपर्यंत वाढू शकतो, आणि कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून आणखी. गोंगाट करायची जागा शोधायला सांगितली असती तर टेबलाखालचा कोपराच निवडावा लागला असता, आणि नेमका तिथेच बहुतेकांचा सबवूफर असतो, कारण तिथे तो पायात येत नाही.

शेजाऱ्याच्या सामायिक भिंतीपासून लांब, आणि तुमच्या जवळ. दुसरा भाग लोक विसरतात. सबवूफर दोन मीटरवरून अर्ध्या मीटरवर आला की तेवढाच बास ऐकायला तो बराच हळू वाजवला तरी चालतो. तुमच्या कानाला फरक पडत नाही, भिंतीला पडतो. खुर्चीच्या शेजारी एखाद्या भक्कम स्टुलावर ठेवून पाहा. नॉब आपोआप खाली जाईल.

आणि खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर असेल तर ती थोडी पुढेमागे सरकवा. कधी कधी अर्धा मीटर सरकण्याने जो बास मिळतो तो नॉब दुप्पट फिरवूनही मिळत नाही.

खाली रबर किंवा फोम घातला तर?

कशामुळे त्रास होतोय त्यावर आहे. बास दोन वाटांनी जातो: हवेतून भिंतीपर्यंत, आणि खोक्याच्या पायांतून थेट जमिनीत. खालची गादी फक्त दुसरी वाट अडवते. खालच्या मजल्यावरून तक्रार असेल, जमीन लाकडी असेल, सबवूफरचा पडदा जमिनीकडे तोंड करून असेल, तर नक्की करून पाहा. वाजत असताना जमिनीवर तळहात टेकवा. थरथर हाताला लागली तर गादीचा फायदा होईल. हवेतून जाणाऱ्या बासला ती काहीच करत नाही.

गादी कशी असावी यात मात्र बरीच फसगत होते. मऊ आधारावर ठेवलेलं वजन हे स्प्रिंगवर ठेवलेल्या वजनासारखं वागतं. त्या जोडीचं स्वतःचं एक हलणं असतं, आणि त्याच्या साधारण १.४ पट वारंवारतेच्या वरचेच कंप अडतात. खालचे तसेच जातात, आणि नेमक्या त्या हलण्याशी जुळणारे कंप तर वाढतात. कडक रबर आणि हलकं खोकं असेल तर हे हलणं एवढं वर जातं की बास मोकळाच राहतो. उपाय म्हणजे आधार मऊ आणि वजन जास्त. जाड मऊ फोम, त्यावर जड फरशी किंवा दगडाचा तुकडा, आणि त्यावर सबवूफर. फोम दाबून पार चपटा झाला तर त्याचा उपयोग संपला, तेवढं बघा.

टोकदार खिळ्यांसारखे पाय असतील तर ते काढा. ते खोकं जमिनीला घट्ट जोडतात, आणि इथे आपल्याला उलटं हवं आहे.

भिंतीला फोमचे तुकडे किंवा अंड्यांचे ट्रे लावू का?

नको. फोमचे तुकडे खोलीतला वरच्या स्वरांचा प्रतिध्वनी शोषतात आणि अंड्यांचे ट्रे तेवढंही धड करत नाहीत. ५० हर्ट्झची लाट शोषायला लागणारी जाडी मीटरमध्ये मोजावी लागते. पैसे वाचवा.

सबवूफरच्या भोकात मोजा घालावा असं ऐकलंय. खरं आहे?

हो, आणि ज्यांना सॉफ्टवेअरच्या भानगडीत पडायचं नाही त्यांना हा उपाय मी आनंदाने सांगतो. ते भोक, म्हणजे पोर्ट, एका ठरावीक खालच्या स्वराभोवती बास वाढवण्यासाठीच दिलेलं असतं. त्यात फोम किंवा गुंडाळलेले मोजे घट्ट बसवले की तो जोर कमी होतो. बास थोडा आटोपशीर, कमी घुमणारा वाटतो. काहींना तो आधीपेक्षा आवडतोही. कपडा आत पडणार नाही एवढा मोठा घ्या. सबवूफर बराच वेळ वाजल्यावर पाठीमागची धातूची पट्टी नेहमीपेक्षा जास्त तापत असेल तर काढून टाका, कारण काही सेटमध्ये आतला ॲम्प्लिफायर थंड राहायला त्याच वाटेची हवा लागते.

सबवूफरची वायरच काढून टाकली तर?

सबवूफरला स्वतःची वेगळी वायर असेल तर काढता येते. पण पुष्कळ सेटमध्ये सगळ्यांचा ॲम्प्लिफायर सबवूफरच्याच खोक्यात असतो; तो बंद केला की बाजूचे स्पीकरही बंद. अशा वेळी खोकं उघडून आतली वायर कापायचा सल्ला मिळेल. तो कृपया ऐकू नका. आत थेट विजेची जोडणी असते आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहू शकतो.

संगीताचं जमलं, पण चित्रपटातले स्फोट आणि गेममधल्या गोळ्या?

इथे अडचण बासइतकीच चढउतारांची असते. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवतो आणि पुढच्याच क्षणी स्फोट होतो. चित्रपटाच्या ५.१ आवाजात तर सबवूफरसाठी वेगळी वाट असते आणि ती बाकीच्या वाटांपेक्षा १० डेसिबल जास्त जोरात वाजेल अशी आखणी असते. म्हणून फिल्टरच्या जोडीला चढउतार दाबणारी सोय चालू करा. विंडोजमध्ये काही साउंड कार्डांना 'लाउडनेस इक्वलायझेशन' मिळतं, व्हीएलसीमध्ये हेच काम करणारा कॉम्प्रेसर आहे, आणि अनेक गेमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'नाइट मोड' असतो. तो दिवसाही लावून ठेवायला हरकत नाही.

मोबाइलचं ॲप ४० डेसिबल दाखवतं. म्हणजे ठीक आहे ना?

त्या आकड्यावर विसंबू नका. बहुतेक ॲप 'ए' मापाने मोजतात, आणि ते माप ५० हर्ट्झचा आवाज प्रत्यक्षापेक्षा ३० डेसिबलने कमी धरतं. म्हणजे भिंत थरथरत असतानाही आकडा सभ्य दिसू शकतो. ॲपमध्ये 'सी' माप असेल तर ते निवडा; ५० हर्ट्झला त्याची चूक दीड डेसिबलच्या आत असते. तरी मोबाइलचा माइक मुळात बोलण्यासाठी केलेला, खालचे स्वर तो कमीच पकडतो. आकडा आधी-नंतरची तुलना करायला वापरा, पुरावा म्हणून नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीसाठी सततच्या आवाजाची ३० डेसिबलची मर्यादा दिली आहे, आणि खालचे स्वर जास्त असतील तर ती आणखी खाली आणावी असंही म्हटलं आहे.

मग कमी झालं की नाही हे कळणार कसं?

शेजाऱ्यांच्या खोलीत जाऊन. याला पर्याय नाही.

माझ्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दुसऱ्यांदा निरोप पाठवला तेव्हा मी गाणं चालू ठेवून खाली गेलो आणि त्यांच्या झोपायच्या खोलीत उभा राहिलो. वर मला जो आवाज बेताचा वाटत होता तो तिथे पलंगाच्या कडेला हात लावला तरी कळत होता. काकू रात्री दुसऱ्या खोलीत झोपायला लागल्या होत्या आणि त्यांनी ते मला सांगितलंही नव्हतं. त्या पाच मिनिटांनी जे समजलं ते महिनाभर नॉब फिरवून समजलं नसतं.

मग आम्ही फोनवर बोलत तपासलं. वर मी २० ते १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा एकसुरी आवाज लावला आणि खाली त्या सांगत गेल्या: आता नाही, आता थोडं, आता कपाटाची काच वाजतेय. पन्नासच्या थोडं खाली एकाच जागी सगळा त्रास होता. तिथे एक अरुंद, खोल कपात आणि ८० वर फिल्टर, एवढ्यावर भागलं. तुम्ही करून पाहाल तेव्हा हा आवाज हळू ठेवा. एकसुरी स्वर जोरात वाजवला तर स्पीकरच खराब होऊ शकतो.

दिवसा तरी पूर्ण बास चालेल ना?

पलीकडे कोण आहे ते विचारा. रात्रपाळी करून झोपलेलं कुणी, तान्हं बाळ, आजारी माणूस असेल तर दुपार हीच त्यांची रात्र. तसं काही नसेल तर इक्वलायझरमध्ये दोन प्रोफाइल करून ठेवा, दिवसाचं आणि रात्रीचं. रात्रीचं कायम चालू असू द्या आणि दिवसाचं हवं तेव्हा लावा. उलटं केलं तर रात्री बदलायचं राहून जातं.

हेडफोनच लावले तर?

रात्री उशिरा तेच उत्तम. फक्त बास जाणवावा म्हणून खुर्चीला बसवायचं थरथरणारं यंत्र घेणार असाल तर ते जमिनीपासून अलग करा, नाहीतर हवेतला बास थांबवून जमिनीतला सुरू केलात असं होईल.

आणि त्रास होणारा शेजारी मीच असेन तर?

'आवाज कमी करा' म्हणू नका, 'बास कमी करा' म्हणा. आवाज कमी केला की ते बास वाढवतील, वर सांगितलेल्या कानाच्या कारणाने. राग आलेला असताना मध्यरात्री जाण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी जा आणि त्यांना तुमच्या खोलीत बोलवा. त्यांना खरंच माहीत नसतं. कुठल्या वेळी होतं, भिंतीतून येतं की छतातून, एखादी वस्तू थरथरते का, एवढं टिपून नेलंत तर त्यांना सबवूफर कुठे हलवायचा आणि कुठला स्वर कापायचा हे लगेच ठरवता येईल.